सत्कार नको म्हणाली, म्हणजे लपवतेय असं नाही

(पत्र बरंच मोठं होतं, थोडक्यात सांगते. नाव-गाव अर्थातच गाळलंय.)

पत्र लिहिणाऱ्या ताई पंचावन्नच्या आहेत, ऐंशी फ्लॅटच्या सोसायटीत राहतात, महिला मंडळाचं सगळं त्याच बघतात. वरच्या मजल्यावरच्या जोडप्यानं साडेतीन वर्षं वाट बघून दोन महिन्यांपूर्वी सव्वा वर्षाची मुलगी दत्तक घेतली. ताईंना इतका आनंद झाला की त्यांनी ठरवूनच टाकलं, गणपतीत स्टेजवर दोघांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायचा आणि गेटवर "एका अनाथ जीवाला हक्काचं घर" असा फ्लेक्स लावायचा, म्हणजे बाकीच्यांनाही प्रेरणा मिळेल. डिझाइन तयार, फ्लेक्सवाल्याला ॲडव्हान्स देऊन झालेला. आणि मग मुलीची आई खाली आली नि म्हणाली, "काकू, राग मानू नका, पण सत्कार नको. आणि ग्रुपवरचा तिचा फोटो पण काढायला सांगा ना." ताईंना लागलं. त्यांचं म्हणणं, लपवायचंच होतं तर घेतली कशाला, आम्ही चांगलं करायला गेलो आणि आम्हीच वाईट ठरलो. त्यात त्यांच्या सासूबाई लिफ्टमध्ये त्या आईच्या तोंडावर म्हणाल्या, "छान केलंस गं, पण रक्त कोणाचं काय माहीत." ताई विचारतात, समाजानं अशा वेळी करायचं तरी काय, कौतुक करायचंच नाही का, आणि सासूबाईंना काय सांगू?

ताई,

तुमचा हेतू चांगला होता यात वादच नाही. आपल्याकडे अजूनही असं मूल घरी आलं की जिन्यात कुजबुज होते, आणि बाई पोटाला उशी बांधून सहा महिने फिरली नि मग माहेरी जाऊन "बाळंत" होऊन आली असले किस्से तर तुम्ही-आम्ही दोघींनी ऐकलेत. त्या मानानं तुम्हाला उघड आनंद झाला, तो चारचौघांत सांगावासा वाटला, हे मला फार आवडलं. पण तो फ्लेक्स, ताई. तो एकदा मोठ्यानं वाचा बघू. "एका अनाथ जीवाला हक्काचं घर." आता ही मुलगी आठ वर्षांची आहे असं समजा, सोसायटीच्या कुठल्यातरी जुन्या अल्बममध्ये, नाहीतर कोणाच्या तरी मोबाईलमध्ये हा फोटो तिला सापडतो, खाली आईबाबा शाल पांघरून उभे आणि वर आपण, "अनाथ जीव". ती अनाथ नाहीये ना आता. तिला आई आहे, बाप आहे, वरच्या मजल्यावर खोली आहे, कदाचित भिंतीवर खडूनं रेघोट्या पण मारून झाल्या असतील.

तुम्ही लिहिलंय की तुमचा धाकटा फार अवघड बाळंतपणातून झाला, त्याआधी दोनदा निराशा झाली होती. तेव्हा समजा मंडळानं गेटवर फ्लेक्स लावला असता, "दोन गर्भपातांनंतर अखेर मातृत्व लाभलेल्या सौ. अमुक यांचं हार्दिक अभिनंदन", खाली तुमचा हसरा फोटो. लोकांचा हेतू चांगलाच असता हो. पण तुम्ही आठवडाभर गेटमधून बाहेर पडला नसतात. तुम्हाला त्या निराशेची लाज वाटत होती म्हणून नाही, ते तुमचं होतं म्हणून. कोणाला सांगायचं, कधी सांगायचं, किती सांगायचं, हे ठरवायचा हक्क तुमचा होता.

तर तुमचं मुख्य गृहीतक इथेच चुकतंय असं मला वाटतं, की सत्कार नको म्हणजे लपवायचंय. लपवणं वेगळं आणि खासगी ठेवणं वेगळं. लपवणं म्हणजे काय ते मी घरातच बघितलंय. माझा एक मामेभाऊ दत्तक आहे हे आमच्या सगळ्या घराला माहीत होतं, मला तर मी सातवीत असल्यापासून, फक्त त्याला सोडून. आजोबा गेले तेव्हा तो एकवीस वर्षांचा, घाटावर दहाव्याला बसला होता, न्हावी डोकं भादरत होता, अर्धं झालेलं, आणि मागून एका लांबच्या काकांनी गुरुजींना विचारलं, "याला पिंडाला हात लावता येतो का हो? म्हणजे हा तसा आपल्यातला नाही ना." वस्तरा तिथंच थांबला. मला अजून तो आवाज थांबलेला आठवतो. पुढे खूप वर्षांनी तो मला म्हणाला, दत्तक असल्याचं काही वाटलं नाही गं, त्या पंक्तीला बसलेल्या चाळीस लोकांना माहीत होतं आणि मला नव्हतं, त्याचं वाटलं.

ते लपवणं. तुमच्या वरच्या मजल्यावरच्या बाईनं यातलं काहीही केलेलं नाही. तिनं उशी बांधली नाही, गाव बदललं नाही, दोन वर्षं गायब झाली नाही, मुलीला कडेवर घेऊन सगळ्यांसमोर लिफ्टनं वर नेलं. आजकाल संस्थांमधले समुपदेशक आईबापांना पहिल्यापासून सांगतातच की मुलाला लहानपणापासून, गोष्टीसारखं, सांगत राहायचं, एके दिवशी बसवून बॉम्ब टाकायचा नाही. म्हणजे त्या मुलीला सगळं कळणारच आहे. तिची आई एवढंच म्हणतेय की तिची गोष्ट तिच्याआधी स्टेजवर माईकवरून कोणी सांगू नका. आणि फोटोचं म्हणाल तर त्यामागे अजून एक कारण असू शकतं, ते तुम्हाला बाहेरून दिसलं नसेल.

मूल घरी आलं म्हणजे कागद संपले असं नसतं. आधी कारा, म्हणजे केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरण, त्याच्या पोर्टलवर नोंदणी, मग समाजसेविका घरी येते, उत्पन्नाचे कागद, तब्येतीचे दाखले, ओळखीच्या लोकांची पत्रं, आणि सोफ्यावर बसून अगदी साध्या आवाजात असे प्रश्न विचारते की नवरा-बायकोला घाम फुटतो, तुमची भांडणं कशावरून होतात, हे मूल अभ्यासात ढ निघालं तर, तुमच्या आईला मान्य आहे का. त्याचा अहवाल तयार होतो. मग वाट. रांगेत देशभरात तीस हजारांच्या वर कुटुंबं आणि दत्तक जायला कायद्यानं मोकळी झालेली मुलं त्या मानानं फारच थोडी, २०२४-२५ मध्ये सगळ्या देशात मिळून ४,५१५ मुलं दत्तक गेली आणि तो आकडा सुद्धा तोवरच्या बऱ्याच वर्षांतला सगळ्यात मोठा. म्हणून साडेतीन वर्षं. एक दिवस मेसेज येतो, ४८ तासांत हो की नाही सांगायचं. हो म्हटल्यावर संस्थेत जाऊन मूल बघायचं, आणि ते घरी येतं ते सुरुवातीला तात्पुरत्या संगोपनासाठी, पक्का आदेश नंतर. पूर्वी हा आदेश कोर्टातून यायचा, सप्टेंबर २०२२ पासून जिल्हाधिकारी देतात. त्यानंतरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी समाजसेविकेची फेरी. म्हणजे दोन महिने झालेल्या या घरात तो कागद अजून आलेलाही नसेल कदाचित. मूल कडेवर आहे, रात्री कुशीत झोपतंय, आणि कागदावर अजून आपलं पूर्ण झालेलं नाही. त्या दिवसांत शंभर लोकांच्या ग्रुपवर फोटो फिरताना बघून आईच्या पोटात गोळा येणारच. तुम्ही तो काढायला सांगितलात का, पत्रात लिहिलेलं नाही. नसेल तर हे वाचणं थांबवा आणि आधी ॲडमिनला फोन करा, मग पुढचं वाचा.

आता कौतुकाबद्दल. करायचं ना, भरपूर करायचं, पण कशाचं करतोय ते एकदा बघू. तुम्ही पत्रात तीन ठिकाणी "केवढं पुण्याचं काम" असं लिहिलंय. त्या दोघांना पुण्य नको होतं, मूल हवं होतं. तुम्हाला हवं होतं तसंच. पुण्य म्हटलं की एक देणारा होतो आणि एक घेणारा, आणि घेणाऱ्यानं आयुष्यभर उपकार मानायचे असतात. मग ती चौदाव्या वर्षी दार आपटून खोलीत गेली (आणि जाणारच, तुमची नाही गेली?) की शेजारची म्हणणार, बघा, एवढं केलं तिच्यासाठी. "नशीबवान गं मुलगी" हे पण तसंच. नशीब काढायचंच तर त्या दोघांनी काढलंय असं म्हणा, त्यांना आवडेल ते, आणि खरंही आहे.

सासूबाईंच्या बोलण्यावर तुम्ही "काय सांगू" विचारलंय. पहिली गोष्ट म्हणजे त्यांना काही सांगायच्या आधी वर जा आणि त्या आईला सांगा, "आमच्या आई तसं बोलल्या ते मला अजिबात आवडलं नाही." एवढंच. स्पष्टीकरण नको, "त्या जुन्या काळच्या आहेत" हे तर अजिबात नको. लिफ्टमध्ये तुम्ही पण होतात आणि गप्प बसलात, हे त्या बाईच्या लक्षात राहिलेलं असणार.

सासूबाईंशी वाद घालून उपयोग नाही, गोष्टी सांगा. बडोद्याचे सयाजीराव महाराज कोण होते विचारा. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ, १८७५ मध्ये दत्तक जाऊन बडोद्याच्या गादीवर बसला. कोल्हापूरचे शाहू महाराज कागलच्या घाटग्यांचे, १८८४ मध्ये दत्तक आले. त्यांच्या नावानं आपण शाळा काढल्या, पुतळे उभे केले, तिथं कोणी रक्त विचारत नाही. अर्थात सासूबाई हुशार असतील तर म्हणतील, ते भाऊबंदातले, घराण्यातले, गादीला वारस हवा म्हणून घेतलेले, आणि त्यांचं बरोबरच असेल. दत्तक म्हटलं की आपल्या डोक्यात अजून तेच बसलंय, मांडीवर घेणं, वारस, पिंड, वंशाचा दिवा, म्हणजे मूल घराण्याच्या कामाला येतं. बाल न्याय कायद्याखालची आजची पद्धत उलट्या बाजूनं सुरू होते, या मुलाला घर पाहिजे, तर याच्यासाठी आईबाप शोधा. म्हणून त्यात जात-धर्म आडवा येत नाही, एकट्या बाईलाही मूल घेता येतं, पोटचं एक असलं तरी दुसरं घेता येतं.

आणि याचं आपल्या मातीतलं उदाहरण हवं तर ते जोतिराव-सावित्रीबाईंच्या घरात आहे. पुण्यात १८६३ मध्ये त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तिथं काशीबाई नावाची विधवा आली, बाळंत झाली, आणि तिचा मुलगा यशवंत या दोघांनी आपला म्हणून वाढवला. ना जातीतला, ना भावकीतला. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात पुण्याबाहेर रोग्यांवर उपचार करत होता आणि त्याच रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना प्लेग झाला नि त्या गेल्या. मला यात सगळ्यात काय आवडतं सांगू, आपल्याला काशीबाईंचं नाव माहीत आहे. दीडशे वर्षांनंतरही जन्मदात्या आईचं नाव कोणी खोडलेलं नाही, आणि त्यानं सावित्रीबाईंचं आईपण तसूभरही कमी झालेलं नाही.

(त्यावरून, "खरी आई" हा शब्द सोसायटीतून हद्दपार करा. "तिची खरी आई कुठे असेल गं" असं विचारतात आणि खरी आई समोर उभी असते, हातात दुधाची बाटली घेऊन. जन्मदाती म्हणा. आणि "टाकून दिलेली" पण नको. काही मुलं खरंच कुठंतरी सोडलेली सापडतात, पण कितीतरी बायका बाल कल्याण समितीसमोर येऊन, सही करून, बाळ रीतसर सोपवतात. त्यांना फेरविचाराला ६० दिवस असतात. त्या साठ दिवसांत त्या बाईचं काय होत असेल याचा विचार आपण कधी करत नाही, मी पण खूप उशिरा केला.)

सासूबाईंना एक काम द्या. व्याख्यानानं माणसं बदलतात की नाही मला शंका आहे, पण हातात काम दिलं की बदलताना बघितलीत. मऊ जुन्या साडीची दुपटी शिवायला सांगा, आणि त्या घरची परवानगी घेऊन त्यांनाच वर पाठवा द्यायला. सव्वा वर्षाची पोर समोर येऊन त्यांच्या चष्म्याला हात घालेल, तेव्हा रक्तबिक्त आपोआप मागे पडतं.

मग साजरं कसं करायचं? पहिल्यांदा त्यांना विचारून. माझ्या मैत्रिणीनं अडीच वर्षांची मुलगी घरी आणली तेव्हा तिनं बारसं केलं, आम्ही पंधरा-वीस बायका. पाळणा भाड्यानं आणलेला, जुईच्या माळा सोडलेल्या, घुगऱ्या शिजलेल्या. आणि उत्सवमूर्ती पाळण्यात बसायला तयार नाही. रडून गोंधळ. शेवटी तिनं आपलं कापडी माकड पाळण्यात टाकलं आणि आपण बाजूला कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. मग आम्ही वरवंट्याच्या ऐवजी तेच माकड पाळण्याखालून दिलं-घेतलं, "कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या", हसून हसून पुरेवाट. आत्यानं कानात नाव सांगितलं ते संस्थेतलंच, बदललं नाही, कारण अडीच वर्षं ती त्याच हाकेला वळत होती नि तिनं सोबत आणलेली तेवढी एकच वस्तू होती म्हणा ना. (तान्ह्याचं बदला हवं तर, पण कळतं मूल असेल तर शेजारणींनी "छानसं दुसरं ठेवा की" असा आग्रह कृपया करू नये.) भाषण नाही, सत्कार नाही, दत्तक हा शब्दही त्या संध्याकाळी कोणी उच्चारला नसेल. कोणाचंही बारसं असतं तसं बारसं. तुमच्या वरच्या मजल्यावर झालं नसेल तर विचारून बघा, आम्ही येऊन घुगऱ्या करू का, पाळणा आम्ही आणू का. नको म्हणाले तर नको.

बारशापेक्षा मोठी मदत मात्र फार साधी असते. पहिले काही महिने त्या मुलीला सगळ्यांनी उचलून घेऊ नका. हे ऐकायला विचित्र वाटतं, आपल्याकडे बाळ म्हणजे सगळ्या वाड्याचं, आणि तुम्हीच लिहिलंय, "इतकी गोड, कोणाकडेही जाते". संस्थेत वाढलेलं मूल कोणाकडेही जातं कारण त्याला सांभाळणारे हात पाळीप्रमाणे बदलत असतात. आता त्याला शिकायचंय की हे दोन हात आपले, भूक लागली की यांच्याकडे, पडलो की यांच्याकडे. म्हणून भरवायचं, अंघोळ, झोपवणं हे आईबापांनीच करायचं असं त्यांना सांगितलेलं असतं. तुमच्या कडेवर ती रडली तर "थांब गं, होते गप्प" करत फिरवत बसू नका, आईकडे द्या परत. आणि तुमचे हात रिकामे राहिले तर डबा करा. बाळंतिणीला आपण डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, काय काय पाठवतो, आणि ही बाई पण रात्र-रात्र जागतेय, फरक इतकाच की तिला कोणी बाळंतीण समजत नाही. रजासुद्धा बाळंतपणासारखी सगळीकडे सरळ मिळत नाही. दोन आठवडे संध्याकाळची पोळी-भाजी मंडळातून वाटून घ्या, दाराशी डबा ठेवा, बेल वाजवा नि खाली या, आत जाऊन बसू नका. हा सत्कार कोणी नाकारणार नाही.

सोसायटीतल्या पोरांचं बघा आता, कारण पुढची दहा वर्षं ही मुलगी त्यांच्यातच खेळणार. आपल्या घराघरात एक विनोद असतो, "तुला ना आम्ही बोहारणीकडून दोन साड्यांवर घेतलं", "तू दवाखान्याबाहेर सापडलास". धाकट्याला रडवायला सगळ्यांनी वापरलेला, मी पण माझ्या भावावर. तो विनोद बंद. नियम म्हणून सांगू नका, घरी आपणच तोंडात येऊ देऊ नका, पोरं तिथूनच उचलतात. मुलांनी विचारलं तर सरळ सांगा, काही बाळं आईच्या पोटातून येतात, काही दुसऱ्या वाटेनं येतात, आली की ती त्या घरची. सहा वर्षांचं पोर यावर "बरं" म्हणतं आणि सायकल घेऊन जातं. जास्तीचे प्रश्न मोठ्यांचेच असतात.

दत्तक हा शब्द आपण किती ठिकाणी फेकतो तेही बघा. झाड दत्तक घ्या, प्राणिसंग्रहालयातला वाघ दत्तक घ्या, पुढारी गाव दत्तक घेतात नि विसरतात. एका ओळखीच्या मुलीनं, शाळेतल्या "वृक्ष दत्तक योजने"च्या पाटीसमोर उभं राहून आईला विचारलं होतं, "मग झाडाला पाणी द्यायला ते रोज येतात का?" पावसाळ्यानंतर कोणी आलेलं नव्हतं. तुमच्या सोसायटीत अशी पाटी असेल तर "या झाडाची काळजी अमुक घेतात" असं लिहिता येईल की. आणि तुमच्यातल्या कोणी शिक्षिका असतील तर त्यांच्याशी "बाळपणीचा सगळ्यात पहिला फोटो आणा" आणि वंशवृक्षाचा तक्ता या दोन प्रकल्पांबद्दल बोला. काही मुलांकडे सव्वा वर्षाच्या आधीचा फोटोच नसतो. "तुझा आवडता लहानपणीचा फोटो" म्हटलं की काम होतं, आणि ज्यांचे आईबाप वेगळे झालेत, ज्यांचा बाप वारला, त्यांचीही सुटका होते.

आता तुम्हाला स्टेज हवंच असेल, आणि तुमच्या पत्रावरून तुम्हाला हवं आहे असं दिसतंय, तर त्याला पण वाट आहे. नोव्हेंबर हा दत्तक जागृतीचा महिना म्हणून कारा पाळते. त्या महिन्यात मंडळात एखाद्या रविवारी मान्यताप्राप्त दत्तक संस्थेच्या समाजसेविकेला बोलवा. पुण्यात सोफोशचं श्रीवत्स, भारतीय समाज सेवा केंद्र, मुंबईत बाल आशा ट्रस्ट, नगरला स्नेहांकुर, पंढरपूरला नवरंगे बालकाश्रम, तुमच्या जवळची कुठली असेल ती. स्वतःहून बोलायला तयार असलेली, मोठी झालेली दत्तक मुलगी किंवा मुलगा आला तर फारच छान. वरच्या मजल्यावरच्यांना बाकी सगळ्यांसारखंच आमंत्रण द्या, पहिल्या रांगेत बसवू नका, त्यांच्याकडे बघत बोलू नका. माहिती खरी द्या. मोठी मुलं, जोडीनं असलेली भावंडं, तब्येतीच्या खास गरजा असलेली मुलं यांना घर मिळायला वर्षानुवर्षं जातात, "तान्हं, गोरं, मुलगीच हवी" म्हणणाऱ्यांची रांग वेगळी नि ही मुलं वेगळीकडे, हे स्पष्ट सांगणारं कोणीतरी बोलवा. आणि ऐकून कोणी बाई बाजूला घेऊन म्हणेल, "एवढं कशाला, आमच्या ओळखीतल्या नर्सिंग होममधून बाळ मिळतंय, थोडे पैसे जातील", तर तिथंच सांगा की हा सरळ सरळ गुन्हा आहे, मूल विकणं-विकत घेणं आहे ते, आणि अशा बाळाचं भवितव्य आयुष्यभर टांगणीला लागतं. कुठं बाळ सापडलं, किंवा एखादी मुलगी अडचणीत आहे असं कळलं, तर चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर, १०९८.

एक राहिलं, तुम्ही ओघात लिहिलंय की दर वर्षी मंडळाचा वर्धापनदिन आश्रमात करता, मुलांना रांगेत बसवून खाऊवाटप आणि फोटो. तेवढं बंद करा असं मी हक्कानं सांगते. त्या मुलांनी दर रविवारी कोणाच्या ना कोणाच्या वाढदिवसाला टाळ्या वाजवलेल्या असतात. त्यापेक्षा संस्थेला फोन करून या महिन्यात काय कमी आहे विचारा, डायपर, दुधाची पावडर, रात्रपाळीच्या मावशीचा पगार, आणि तेवढं पाठवा, फोटोशिवाय.

फ्लेक्सवाल्याला आजच फोन करा, छपाईला गेला नसेल तर ॲडव्हान्स आरतीच्या पत्रिकांत वळवून घेईल. आणि गणपतीत तुमच्याकडे दहा दिवसांच्या आरतीची यादी फ्लॅट नंबरनुसार लागतच असेल ना, रोज सकाळ-संध्याकाळ चार-चार घरांचा मान? त्यात त्यांचा नंबर येईल त्या दिवशी त्यांचं नाव लिहा. दोघांचं नाही, तिघांचं.